धाप हृदयाची की फुप्फुसाची? छातीच्या प्रतिमांवरून निदानाकडे जाण्याची पद्धत

धाप लागलेला रुग्ण समोर येतो तेव्हा हृदयाचा आजार वेगळा आणि फुप्फुसाचा वेगळा, अशी वाटणी करून चालत नाही. ही दोन्ही इंद्रिये एकाच पिंजऱ्यात आहेत आणि एकाच रक्तप्रवाहाने बांधलेली आहेत. हृदयाची डावी बाजू थकली की मागे साचलेल्या दाबामुळे फुप्फुसात पाणी उतरते, आणि फुप्फुस वर्षानुवर्षे आजारी राहिले की त्याचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो. म्हणून छातीची प्रतिमा, मग ती साध्या एक्स-रेची असो, इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) असो की सीटी स्कॅनची, दोघांचा विचार एकत्र ठेवूनच वाचावी लागते. हा लेख मुख्यतः वॉर्डात नव्याने काम करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. मात्र स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा रिपोर्ट समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकालाही तो वाचता यावा, अशा बेताने लिहिला आहे.

सोबतीला एक उदाहरण घेऊ. ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. तीन आठवड्यांपासून त्यांना धाप लागते, रात्री आडवे झाले की ती वाढते, दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. थोडा कोरडा खोकला आहे, ताप नाही. बरीच वर्षे धूम्रपान केलेले आहे. दाखल झाल्यावर खाटेवरच काढलेल्या एक्स-रेवर कुणीतरी लिहिले आहे: ‘हृदय मोठे, दोन्ही बाजूंना खाली न्यूमोनिया.’ या एका ओळीत किती गोष्टी पारखून घ्यायच्या राहून गेल्या आहेत, ते पुढे दिसेल.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणे

तपासणीच्या फॉर्मवर ‘छातीचा एक्स-रे’ एवढेच लिहून पाठवणे ही रोजची सवय आहे आणि माझ्या मते निदानातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. प्रतिमा आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्नच विचारला नाही, तर वाचणारा जे ठळक दिसेल तेवढे सांगून थांबतो. वरील गृहस्थांच्या फॉर्मवर ‘तीन आठवडे धाप, आडवे झाल्यावर वाढते, ताप नाही, दीर्घकाळ धूम्रपान, फुप्फुसात पाणी आहे का, गाठ आहे का’ असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याने मुद्दाम त्या दोन गोष्टी शोधल्या असत्या. फॉर्म लिहिताना तक्रार किती दिवसांची आहे, ताप आहे की नाही, पूर्वीचा हृदयविकार, क्षयरोग किंवा कर्करोग आहे का, आणि नेमकी शंका कोणती, एवढे चार शब्दांत आले तरी पुरते.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घ्यायचा असतो: आत्ता प्रतिमा हवी आहे का? छातीत एका बाजूला हवा कोंडून रक्तदाब कोसळत असेल, मानेच्या शिरा फुगल्या असतील, त्या बाजूचा श्वास ऐकू येत नसेल, तर एक्स-रेची वाट पाहू नये. ते निदान हाताने आणि कानाने करून सुईने हवा बाहेर काढायची असते. फिल्म नंतर काढता येते.

दुसरी पायरी: फिल्म वाचण्यायोग्य आहे का

रोगाकडे नजर जाण्याआधी फिल्मकडे जावी. नाव, तारीख, वेळ आणि डावी-उजवीची खूण प्रथम पाहावी. हृदय उजव्या बाजूला असलेली माणसेही असतात आणि उलटी लावलेली फिल्मही असते. खूण न पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

त्यानंतर फिल्म कोणत्या दिशेने काढली आहे ते पाहावे. प्रमाण मानली जाणारी पीए फिल्म उभ्या रुग्णाची, छाती पाटीला टेकवून, किरण पाठीकडून सोडून, सुमारे १८० सेंटीमीटर अंतरावरून काढतात. हृदय छातीत पुढच्या बाजूला असल्यामुळे ते पाटीच्या जवळ येते आणि त्याची सावली जवळपास खऱ्या आकाराची पडते. खाटेवर काढलेली पोर्टेबल फिल्म एपी असते: पाटी पाठीखाली, किरण पुढून आणि अंतर कमी. दिव्याजवळ हात धरला की भिंतीवर त्याची सावली मोठी पडते, तसेच इथे हृदयाचे होते. शिवाय आडवे झाल्यावर श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) वर सरकते आणि फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या शिरा आपोआप भरून दिसतात. त्यामुळे पोर्टेबल फिल्मवरून ‘हृदय मोठे’ असे ठामपणे लिहू नये. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत पहिली चूक इथेच झाली. हृदय मोठे असेलही, पण त्या फिल्मवरून ते सिद्ध होत नाही.

मग तीन गोष्टी तपासाव्या. श्वास पुरेसा घेतला आहे का, हे श्वासपटलाच्या वर मागच्या ९ ते १० बरगड्या मोजता येतात का यावरून कळते. श्वास अर्धवट असेल तर खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या एकमेकींवर दाटतात आणि हुबेहूब न्यूमोनियासारख्या दिसतात. रुग्ण तिरका उभा आहे का, हे दोन्ही हासळ्यांची आतली टोके मणक्याच्या मागच्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का यावरून समजते. तिरक्या फिल्ममध्ये एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसते आणि श्वासनलिका सरकल्याचा भास होतो. किरणांचे प्रमाण योग्य असेल तर हृदयाच्या सावलीतून मणके जेमतेम दिसतात. संगणकावर उजेड कमी-जास्त करता येत असला, तरी मुळात नोंदलेच गेले नाही ते त्याने परत येत नाही.

तिसरी पायरी: ठरलेल्या क्रमाने वाचणे

अनुभवी डोळा एका नजरेत बरेच काही पाहतो, पण अनुभवी डोळ्यालाही क्रम लागतो. क्रम कोणता याला फारसे महत्त्व नाही, तो दर वेळी तोच असण्याला आहे. मी वापरतो तो असा: श्वासनलिका, मधला भाग, हृदय, हायलम, फुप्फुसे, फुप्फुसावरण, श्वासपटल, हाडे, आणि शेवटी लपलेल्या जागा.

श्वासनलिका मध्यावर असावी. महाधमनीच्या कमानीपाशी ती जराशी उजवीकडे झुकते, ते नैसर्गिक आहे. ती एका बाजूला सरकली असेल तर तिला कुणी ढकलले की ओढले, हे विचारावे. मोठ्या प्रमाणात साचलेले पाणी किंवा कोंडलेली हवा तिला ढकलते; आक्रसलेले फुप्फुस, बंद पडलेला खंड किंवा जुन्या क्षयरोगाचे व्रण तिला स्वतःकडे ओढतात. पूर्ण पांढरी झालेली एक बाजू पाहून ‘पाणी भरले आहे’ म्हणत नळी घालण्याची तयारी करणाऱ्याने हा एक प्रश्न आधी विचारला, तर मोठी चूक टळते. श्वासनलिका पांढऱ्या बाजूकडेच ओढलेली असेल, तर तिथे मुख्यतः पाणी नसून श्वासमार्ग अडल्याने फुप्फुस मिटलेले असण्याची शक्यता जास्त असते.

हृदयाची सर्वांत मोठी रुंदी आणि छातीची आतल्या बाजूने सर्वांत मोठी रुंदी यांचे गुणोत्तर प्रौढांच्या पीए फिल्ममध्ये साधारण ०.५ च्या आत असते. हा आकडा नुसता लिहून थांबू नये, कडाही पाहाव्या. उजवी कड उजव्या अलिंदाची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याची, असते. डाव्या कडेवर वरून खाली महाधमनीचा गोळा, फुप्फुसधमनी, डाव्या अलिंदाचे शेपूट आणि डावे निलय (खालचा कप्पा) अशी ओळ लागते. महाधमनी आणि निलय यांच्यामधला नैसर्गिक खळगा भरून आला असेल आणि उजव्या कडेच्या आत दुसरी समांतर कड दिसत असेल, तर डावे अलिंद वाढले आहे. अशा वेळी मिट्रल झडपेचा (डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधली) विचार मनात यायला हवा. हृदय चारी बाजूंनी फुगून पखालीसारखे दिसत असेल, तर त्याच्या आवरणात पाणी साचले असण्याची शंका घ्यावी आणि इको करावा.

हायलम म्हणजे रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका जिथून फुप्फुसात शिरतात ती जागा. बहुतेकांमध्ये डावा हायलम उजव्यापेक्षा किंचित वर असतो. उजवा वर दिसला, तर वरचा खंड आक्रसला आहे किंवा खालचे काहीतरी बदलले आहे. दोन्ही हायलम भरीव आणि गाठीदार असतील तर लसिका गाठी. गुळगुळीत फुगलेले असून पुढे वाहिन्या एकाएकी बारीक होत असतील, तर फुप्फुसधमनीतला वाढलेला दाब.

फुप्फुसे वरपासून खालपर्यंत, डावी-उजवी शेजारी-शेजारी तुलना करत पाहावी. इथे एक जुनी आणि अतिशय उपयोगी युक्ती आहे. एक्स-रेमध्ये कड दिसते ती हवा आणि मऊ ऊती एकमेकांना टेकल्यामुळे. हवेची जागा पाण्याने किंवा पुवाने घेतली की ती कड पुसली जाते. म्हणून हृदयाची उजवी कड पुसली गेली असेल तर आजार उजव्या मधल्या खंडात, डावी कड पुसली गेली असेल तर डाव्या वरच्या खंडाच्या खालच्या जिभेसारख्या भागात, आणि श्वासपटलाची रेघ पुसली गेली असेल तर खालच्या खंडात आहे. सावलीच्या आत काळ्या फांद्या दिसल्या, तर भोवतालचे फुप्फुस भरले आहे पण श्वासनलिका मोकळ्या आहेत. न्यूमोनियात हे बऱ्याचदा दिसते, पण पाणी आणि रक्तस्राव यांतही दिसते.

चौथी पायरी: पाणी ओळखणे

हृदय थकल्यावर फुप्फुसात पाणी उतरते ते एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याची खूण फिल्मवर उमटते. फुप्फुसातल्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या साधारण १२ मिलिमीटरच्या वर गेला की उभ्या रुग्णाच्या फिल्ममध्ये वरच्या भागातल्या शिरा खालच्यांइतक्या किंवा त्यांहून जाड दिसू लागतात. दाब १८ च्या पुढे गेला की पाणी खंडिकांमधल्या, म्हणजे फुप्फुसाच्या लहान कप्प्यांमधल्या, पडद्यांत झिरपते. २५ च्या पुढे वायुकोशच भरू लागतात आणि दोन्ही हायलमपासून बाहेर पसरणारी, वटवाघळाच्या पंखांसारखी पांढरी सावली उमटते. हे आकडे अचानक आलेल्या आजाराला लागू पडतात; वर्षानुवर्षे दाब सोसलेले फुप्फुस यापेक्षा जास्त दाबही फारशा खुणा न दाखवता सहन करते.

यांतली मधली पायरी नवख्याच्या नजरेतून सर्वाधिक सुटते, म्हणून ती नीट पाहू. आपल्या गृहस्थांना बसवून, पूर्ण श्वास घ्यायला लावून पीए फिल्म पुन्हा काढली. उजव्या बाजूला बरगड्या आणि श्वासपटल मिळतात त्या कोपऱ्याच्या थोडे वर प्रतिमा मोठी केली, तर फुप्फुसाच्या अगदी बाहेरच्या काठाला काटकोनात टेकलेल्या, एकावर एक आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा दिसतात. प्रत्येक रेघ एक-दोन सेंटीमीटरपेक्षा लांब नाही, आणि ती काठापर्यंत पोहोचते. रक्तवाहिन्या काठापर्यंत इतक्या जाड राहत नाहीत, म्हणून या रेघा वाहिन्या नव्हेत. त्या पाण्याने सुजलेल्या पडद्यांच्या कडा आहेत. यांना कर्ली बी रेषा म्हणतात. सोबत दोन्ही कोपरे किंचित बोथट झाले आहेत, हृदयाचे गुणोत्तर ०.५८ आहे आणि वरच्या शिरा ठळक आहेत. पहिल्या फिल्मवर ‘दोन्ही बाजूंना न्यूमोनिया’ वाटलेला तो हाच प्रकार होता.

फुप्फुसावरणातले पाणी उभ्या फिल्ममध्ये कोपरा बोथट करते, पण त्यासाठी साधारण २०० मिलिलिटर साचावे लागते. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये त्याहून बरेच कमी पाणी दिसते. आडव्या रुग्णात तेच पाणी पाठीमागे पसरते आणि एक बाजू नुसती धुरकट करते. हवेचेही तसेच: उभ्या फिल्ममध्ये वरच्या टोकाशी बारीक पांढरी रेघ आणि तिच्या बाहेर वाहिन्यांचा मागमूस नसणे ही फुप्फुसाबाहेर हवा असल्याची खूण, आडव्या रुग्णात मात्र हवा पुढे खाली जमते आणि एका बाजूचा कोपरा अनैसर्गिकरीत्या खोल आणि काळा दिसतो.

पाचवी पायरी: लपलेल्या जागा

एक मोठी गोष्ट सापडली की शोध थांबतो, हा मानवी स्वभाव आहे. म्हणून फिल्म बाजूला ठेवण्यापूर्वी पाच जागा मुद्दाम पाहाव्या: हासळीमागची फुप्फुसाची दोन्ही टोके, हायलम, हृदयाच्या मागचा भाग, श्वासपटलाखालचा भाग, आणि फिल्मच्या कडा, म्हणजे बरगड्या, खांदे, स्तन आणि मानेचा तळ. टोकांशी क्षयरोग आणि कर्करोग दोन्ही दडतात. उभ्या फिल्ममध्ये उजव्या श्वासपटलाखाली काळी कोर दिसली, तर पोटातले आतडे किंवा जठर फुटले असण्याची शक्यता असते. धाप आणि छातीत दुखणे एवढ्याच तक्रारीवर आलेल्या रुग्णातही ती सापडू शकते. आपल्या गृहस्थांच्या फिल्ममध्ये हृदयाच्या सावलीतून, मणक्याच्या डावीकडे, नाण्याएवढा एक किंचित अधिक पांढरा ठिपका आहे. पाणी सापडले म्हणून समाधान मानले असते, तर तो राहून गेला असता.

क्षयरोगाबद्दल एक सूचना इथेच द्यायला हवी. वरच्या खंडांचे टोकाकडचे व मागचे भाग आणि खालच्या खंडांचे वरचे भाग इथल्या सावल्या, पोकळ्या, किंवा सर्वत्र विखुरलेले मोहरीहून बारीक ठिपके ही त्याची ओळखीची रूपे आहेत. पण एक्स-रे शंका निर्माण करतो, खात्री थुंकीच्या जनुकीय चाचणीने किंवा कल्चरने होते. नुसत्या फिल्मवरून महिनोन्महिन्यांचे उपचार सुरू करणे टाळता येईल तितके टाळावे.

सहावी पायरी: खाटेशेजारची सोनोग्राफी

हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही, असे पूर्वी मानले जाई. पुढे लक्षात आले की हवा आणि पाणी यांच्या प्रमाणामुळे जे भास पडद्यावर उमटतात, तेच निदानाला उपयोगी आहेत. निरोगी फुप्फुसात आवरणाच्या रेघेची आडवी प्रतिबिंबे समान अंतरावर दिसतात आणि श्वासाबरोबर आवरण मागेपुढे सरकताना दिसते. फुप्फुसात पाणी झिरपले की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या, विजेरीच्या झोतासारख्या उभ्या रेषा उमटतात. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत अशा तीन किंवा अधिक रेषा, आणि त्या दोन्ही बाजूंना एकाहून अधिक जागी असतील, तर फुप्फुसाच्या पडद्यांत काहीतरी साचले आहे. ते पाणीच आहे असे मात्र नव्हे. फुप्फुस घट्ट करणाऱ्या आजारांतही त्या दिसतात, मात्र तिथे आवरणाची रेघ बहुधा खडबडीत आणि तुटक असते.

सरकण्याची हालचाल थांबली असेल तर बाहेर हवा असण्याची शंका येते. सरकणे थांबलेली आणि चालू असलेली जागा एकाच चौकटीत मिळाली, म्हणजे फुप्फुसाची कड सापडली, तर शंका पक्की होते. फुप्फुसावरणातले पाणी सोनोग्राफीत एक्स-रेपेक्षा कितीतरी कमी असतानाच सापडते, आणि सुई कुठे घालायची ते बघूनच ठरवता येते. पाणी काढण्यापूर्वी ही तपासणी टाळू नये.

सातवी पायरी: इको

स्वीडनमध्ये एड्लर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचे ध्वनिप्रतिबिंब नोंदवले, तिथून ही तपासणी सुरू झाली. एक्स-रे हृदयाची फक्त सावली दाखवतो. इको त्याचे काम दाखवतो. रिपोर्ट हाती आला की बहुतेकांची नजर थेट इजेक्शन फ्रॅक्शनवर जाते. डावे निलय भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकते, तो हा आकडा. ५० किंवा वर असेल तर तो सर्वसाधारणपणे राखलेला मानतात, ४१ ते ४९ किंचित घटलेला आणि ४० किंवा त्याखाली घटलेला. पण ५५ टक्के आकडा असलेल्या माणसालाही हृदय थकल्याची खरी धाप लागू शकते, कारण निलय ताठ झाले असेल तर ते नीट भरतच नाही. म्हणून भिंतींची जाडी, डाव्या अलिंदाचा आकार आणि भरण्याच्या दाबाचे डॉप्लर (रक्ताच्या वेगावरून केलेले) मोजमाप यांच्याकडेही पाहावे.

भिंतीची हालचाल सगळीकडे सारखीच मंद आहे, की एका धमनीच्या हद्दीतच थांबली आहे, हा दुसरा प्रश्न. आपल्या गृहस्थांच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के आहे आणि पुढची भिंत व टोक जवळजवळ हलत नाहीत, बाकीच्या भिंती हलतात. ही वाटणी हृदयाच्या धमनीकडे बोट दाखवते, आणि पुढची दिशा अँजिओग्राफीची ठरते.

झडपांचे मोजमाप एका सोप्या सूत्रावर उभे आहे: रक्ताच्या वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे दाबातला फरक. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर किंवा अधिक वेगाने जात असेल, म्हणजे सर्वोच्च फरक पाऱ्याच्या ६४ मिलिमीटर किंवा वर असेल, तर झडप गंभीर अरुंद मानतात. परंतु हृदयच दुबळे असेल तर ते एवढा वेग निर्माण करू शकत नाही, आणि झडप खूप अरुंद असूनही आकडे सौम्य दिसतात. दुबळ्या हृदयात आकडा कमी आला, तर झडपेचे क्षेत्रफळही मागवावे. हेच सूत्र तीनदली झडपेतून (उजवे अलिंद आणि उजवे निलय यांच्यामधली) मागे गळणाऱ्या रक्ताला लावले की फुप्फुसधमनीतल्या दाबाचा अंदाज मिळतो. तो वेग ३.४ मीटरच्या वर असेल, तर वाढलेल्या दाबाची शक्यता दाट असते. फुप्फुसाच्या आजाराचा हृदयावर किती ताण आला आहे, ते इथे मोजता येते.

छातीवरून इको करताना जाड छातीची भिंत किंवा फुगलेली फुप्फुसे आड येतात. झडपेवरची संसर्गाची लहान वाढ किंवा डाव्या अलिंदाच्या शेपटातली गुठळी शोधायची असेल, तर अन्ननलिकेतून केलेला इको लागतो.

आठवी पायरी: सीटी, पण कोणता

‘छातीचा सीटी करा’ हे वाक्य अपुरे आहे, कारण छातीचे सीटी किमान चार प्रकारचे आहेत आणि एकाचे काम दुसरा करत नाही.

फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याची शंका असेल, तर रक्तवाहिन्या चित्रात ठळक करणारे औषध शिरेत देऊन ते फुप्फुसधमनीत पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी चित्र घ्यावे लागते. मात्र तिथवर जाण्यापूर्वी शक्यता किती आहे ते लक्षणे आणि पूर्वेतिहास यांना गुण देणाऱ्या वेल्ससारख्या गुणांकावरून ठरवावे. शक्यता कमी असेल तर डी-डायमर ही रक्तचाचणी पुरेशी ठरू शकते. ५० वर्षांपुढे तिची मर्यादा वयाला १० ने गुणून घेतात, म्हणजे ७० वर्षांच्या माणसात प्रति लिटर ७०० मायक्रोग्रॅम. गुठळी सापडली की उजवे निलय डाव्यापेक्षा रुंद झाले आहे का, हे त्याच चित्रात पाहावे. धोका किती आहे ते त्यावरून कळते.

फुप्फुसाच्या जाळीचे आजार पाहायचे असतील तर दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा, औषधाविना केलेला हाय रेझोल्यूशन सीटी हवा. आवरणालगत, खालच्या भागात, मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे आणि ओढून रुंद झालेल्या श्वासनलिका दिसल्या, तर फुप्फुस कायमचे घट्ट करणाऱ्या आजाराचे ते विशिष्ट रूप असते, आणि अनेकदा तुकडा न काढता निदान होते. पाठीकडचा धुरकटपणा नुसता झोपल्यामुळे आहे का, हे पालथे झोपवून पुन्हा चित्र घेतल्यावर कळते. श्वास सोडून घेतलेल्या चित्रात जे भाग काळेच राहतात, तिथे हवा अडकून पडली आहे.

हृदयाच्या धमन्यांसाठीचा सीटी ईसीजीच्या तालावर घेतात. ठोके मिनिटाला ६० ते ६५ च्या आत असतील तर चित्र स्वच्छ येते, त्यासाठी आधी ठोके कमी करणारे औषध देतात. शिरेतल्या औषधाविना काढलेला, धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा गुण शून्य आला, तर पुढच्या काही वर्षांतला धोका कमी असतो. मात्र छातीत दुखत असलेल्या तरुण माणसात शून्य गुणावरून धमनी मोकळी आहे असे समजू नये, कारण मऊ थरात कॅल्शियम नसते. महाधमनीचा थर फाटल्याची शंका हा चौथा प्रकार, आणि तो घाईचा आहे: पाठीत चिरत गेल्यासारखी वेदना असेल, तर एक्स-रे चांगला दिसला तरी सीटी अँजिओग्राफी करावी.

सीटी वाचताना एकच काप किमान दोन खिडक्यांतून, म्हणजे उजेड-काळोखाच्या दोन मांडण्यांतून, पाहावा. सीटीतली घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १००० असते. डोळ्याला हा सगळा पल्ला एकदम दिसत नाही. फुप्फुसाच्या खिडकीत बारीक जाळी दिसते, पण लसिका गाठी पांढऱ्या गोळ्यात हरवतात. मधल्या भागाच्या खिडकीत गाठी आणि धमन्या दिसतात, पण फुप्फुस काळेभोर होते.

योगायोगाने सापडलेल्या लहान गाठींबद्दल लोकांना फार भीती वाटते. छातीच्या प्रतिमांच्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या सूचनांनुसार, धोका कमी असलेल्या प्रौढात ६ मिलिमीटरपेक्षा लहान भरीव गाठीला नेहमीचा पाठपुरावाही लागत नाही. ६ ते ८ मिलिमीटरला ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी, आणि ८ च्या वर असेल तर तीन महिन्यांनी सीटी, पेट-सीटी किंवा तुकडा तपासणे यांचा विचार करतात. ३५ वर्षांखालील व्यक्ती, कर्करोगाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना या सूचना लागू नाहीत.

एमआरआय आणि अणुवैद्यकीय तपासण्या

एमआरआयला किरण लागत नाहीत आणि हृदयाच्या स्नायूचा पोत दाखवण्यात त्याची बरोबरी दुसरी तपासणी करत नाही. गॅडोलिनियम हे एमआरआयचे औषध शिरेत दिल्यावर व्रण पांढरा दिसतो. तो आतल्या थरापासून सुरू होत असेल तर कारण बहुधा धमनीचे, आणि मधल्या किंवा बाहेरच्या थरात असेल तर स्नायूच्या दाहाचा विचार करावा. पेसमेकर आणि शरीरातल्या धातूची माहिती आधी द्यावी. गुठळीची शंका आहे पण सीटीचे औषध देता येत नाही, तेव्हा फुप्फुसातल्या हवेचा आणि रक्ताचा पुरवठा दाखवणारा व्हीक्यू स्कॅन कामी येतो. जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसधमनीचा दाब वाढला आहे का, हे पाहण्यासाठी तर तोच पहिला.

किरण आणि औषध यांचा हिशेब

छातीच्या एका पीए एक्स-रेमधून साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, नेहमीच्या सीटीतून ५ ते ७. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, हे लक्षात घेतले तर एक्स-रेची भीती अनाठायी ठरते आणि सीटी विचारपूर्वक का सांगावा तेही समजते. सीटीच्या आयोडीनयुक्त औषधापूर्वी दोन गोष्टी नक्की विचाराव्या: पूर्वी अशा औषधाने त्रास झाला होता का, आणि मूत्रपिंडाचे काम कसे आहे. गरोदर स्त्रीला एक्स-रे खरोखर आवश्यक असेल, तर तो टाळून निदान लांबवू नये. छातीच्या फिल्ममधून गर्भापर्यंत पोहोचणारे किरण नगण्य असतात.

शेवटची पायरी: जुनी फिल्म, नवी फिल्म आणि लेखी नोंद

जुनी फिल्म मिळवण्यासाठी केलेला एक फोन कधी कधी सीटीपेक्षा जास्त सांगतो. दोन वर्षांपूर्वीही तशीच असलेली भरीव गाठ आणि दोन महिन्यांत उगवलेली गाठ यांचा अर्थ सर्वस्वी वेगळा आहे. बदलाचा वेगही निदान करतो. हृदयामुळे आलेले पाणी लघवीचे औषध दिल्यावर तासांत किंवा थोड्या दिवसांत उतरते, न्यूमोनियाची सावली विरायला आठवडे लागतात, आणि रुग्ण बरा वाटू लागल्यावरही ती काही काळ मागे राहते. धूम्रपान करणाऱ्या आणि ५० वर्षांवरील माणसाचा न्यूमोनिया बरा झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी फिल्म पुन्हा काढावी, कारण न हटणाऱ्या सावलीमागे श्वासनलिका अडवणारी गाठ असू शकते.

आपल्या गृहस्थांची फिल्म तीन दिवसांनी पुन्हा काढली. शिडीसारख्या रेघा गेल्या, कोपरे टोकदार झाले, हृदयामागचा ठिपका मात्र जागच्या जागी होता. त्यांच्या सीटीच्या फॉर्मवर आता असे लिहावे: ‘वय ६२, दीर्घकाळ धूम्रपान. हृदय दुबळे, इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के, पुढची भिंत हलत नाही; लघवीच्या औषधाने फुप्फुसातले पाणी उतरले. पीए फिल्मवर हृदयामागे, मणक्याच्या डावीकडे, सुमारे १४ मिलिमीटरची सावली कायम. गाठ आहे का, कड कशी आहे, लसिका गाठी वाढल्या आहेत का? अँजिओग्राफी याच आठवड्यात ठरली आहे; दोन्ही तपासण्यांत मिळून द्यायच्या आयोडीनयुक्त औषधाच्या दृष्टीने मूत्रपिंडाची चाचणी सोबत जोडली आहे. जुनी फिल्म मागवली आहे, मिळताच पाठवू.’